आधी विचारा, मग आखा



‘आरोग्य आणि अर्थ’ या सदरात आजवर बहुधा आपल्यातली डॉक्टर मंडळी, नाहीतर बँकेत आणि विमा कंपनीत काम करणारे सभासद लिहीत आले आहेत. मी त्यांच्यापैकी कोणी नाही. मी संगणक अभियंता. दिवसभर पडद्यासमोर बसून दुसऱ्यांसाठी आज्ञावली लिहायची, हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तरीही संपादकांनी ‘लिहाच’ म्हणून आग्रह धरला, कारण या दोन्ही विषयांत मी गेल्या दोन वर्षांत एकेक चूक केली आणि त्यांतली एक अल मन्सूरातल्या आमच्या इमारतीत बरीच गाजली. दुसऱ्याच्या ठेचेवरून शहाणे व्हावे, ठेच आपल्याला लागू नये, एवढाच या लेखाचा उपयोग.

पहिली चूक घरातली. माझी आई सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या दहिवडीला असते. वडील गेल्यापासून एकटी. मी इथून दर महिन्याला पैसे पाठवतो. तिला बँकेच्या रांगेत उभे राहावे लागू नये म्हणून मागच्या एका दिवाळीला गेलो तेव्हा नवा मोबाईल घेऊन दिला, पैसे देण्याघेण्याचे ॲप बसवले, पिन ठरवला, दोनदा करून दाखवले. दोहाच्या विमानात बसलो तेव्हा कर्तव्य पार पाडल्याचे मोठे समाधान होते.

चारेक महिन्यांनी खात्याचा हिशोब पाहिला तर तीन हजारांचा मेळ लागेना. चौकशी केली तेव्हा कळले, की आईने पिन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे आणि किराणा आणायला गेली की मोबाईल सरळ समोर जो असेल त्याच्या हातात देते. आकडाही तोच दाबणार. पैसे कोणी घेतले, घेतले की चुकून दुसरीकडे गेले, ते शेवटपर्यंत कळले नाही. मी फोनवर चिडलो. ‘‘आई, पिन कोणाला सांगायचा नसतो, हे किती वेळा सांगितले होते!’’ ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘आरं, तू मला इचारलंस का, मला काय जमतंय ते? बसवून दिलंस आन् गेलास.’’

वाचकहो, बाराएक वर्षे या धंद्यात काढली, पण माझ्या कामाचे इतके नेमके मूल्यमापन माझ्या कोणत्याही वरिष्ठाने केलेले नाही.

म्हसवडच्या बायकांचा अंगठा

गंमत अशी, की आईच्याच तालुक्यात, म्हसवडला, हाच प्रश्न बायकांनी आमच्यासारख्या अभियंत्यांच्या आधी सोडवून ठेवला होता. ती हकिगत मी नंतर मुळापासून समजून घेतली.

माणदेश म्हणजे कायमचा दुष्काळी मुलूख. १९८० च्या दशकात चेतना गाला-सिन्हा लग्नानंतर मुंबई सोडून म्हसवडला राहायला आल्या. पुढे काही वर्षांनी रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्याआधी डोक्यावर घालायला प्लॅस्टिकचे कापड घ्यायचे होते आणि त्यासाठी रोज थोडे थोडे पैसे तिला बँकेत साठवायचे होते. कर्ज नको, दान नको, फक्त खाते हवे. बँकेने नकार दिला, कारण एवढ्या लहान रकमेचे खाते बँकेला परवडत नव्हते.

मग बायकांनी स्वतःचीच बँक काढायचे ठरवले. १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि परत आला. कारण असे, की प्रवर्तक महिलांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. दुसरे कोणी असते तर तिथेच थांबले असते. या बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे साधे होते. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती हा आमचा दोष नव्हे. लिहिता येत नसले तरी हिशोब येतो. कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्हाला विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय तेच करायला सांगा, मग बघू कोण आधी सांगते ते! १९९७ मध्ये परवाना मिळाला आणि ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ उभी राहिली.

पण मला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बँक निघाली तरी बायका बँकेत येईनात. का? कारण बँकेत यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा बँकेनेच बायकांच्या दारी जायचे ठरले. पासबुकाचीही अडचण निघाली. घरात पासबुक सापडले की शिल्लक नवऱ्याला कळते, आणि शिल्लक कळली की ती शिल्लक राहत नाही. पुढे हातात धरायची यंत्रे आली तेव्हा पिनचा विषय निघाला. आकडा लक्षात ठेवायला शिकवतो, असे बँकेच्या लोकांनी सांगून पाहिले. बायका म्हणाल्या, आकडा चोरता येतो, अंगठा चोरता येत नाही. आम्हाला अंगठाच द्या.

पाहा बरे, ‘अंगठाबहाद्दर’ हा आपल्याकडे हिणवण्याचा शब्द. त्या बायकांनी त्याच अंगठ्याचे कुलूप केले. हे सुचवायला कोणी सल्लागार आला नव्हता. ज्यांना रोज अडचण येत होती त्यांना कोणीतरी विचारले आणि त्यांचे ऐकले, एवढेच झाले.

गडचिरोलीचे मणी

हे झाले अर्थाचे. आता आरोग्याचे उदाहरण घेऊ. त्यासाठी माणदेशातून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जावे लागेल.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथे लहान मुले न्यूमोनियाने जात. न्यूमोनिया ओळखण्याची एक साधी खूण म्हणजे बाळाचा जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा होत असेल, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा पन्नास किंवा अधिक, तर धोका समजायचा. पण गावात डॉक्टर नाही. बाळाजवळ असते ती सुईण, आणि तिला साठपर्यंत मोजता येत नाही. घड्याळही नाही.

आता हा प्रश्न माझ्यासारख्याकडे आला असता तर मी काय केले असते? सुईणींना मोजायला शिकवण्याचा एखादा अभ्यासक्रम आखला असता, नाहीतर एखादे बॅटरीवर चालणारे यंत्र. ‘सर्च’ने एक लाकडी पाटी केली. तिच्यावर एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. वाळू उलटी करायची आणि बाळाच्या पोटाकडे पाहत श्वास मोजायचे. दहा झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. हिरवे मणी संपून वाळू सरायच्या आत लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनियाची शंका धरायची. दहापर्यंत मोजता येणे पुरे. उरलेले काम मण्यांनी करायचे.

१९९० च्या दशकात याच संस्थेने गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत बसवली. ३९ गावांतल्या या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बाळाच्या घरच्या घरी काळजीचा कार्यक्रम देशभर हाती घेतला.

त्यांच्या दवाखान्याची आखणीही अशीच विचारून झाली. इथल्या आदिवासींना मोठ्या इस्पितळांची भीती वाटे. पांढऱ्या कपड्यांतली माणसे पाहिली की त्यांना मृत्यूची आठवण येई, कारण मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात. शिवाय आजाऱ्याला आत घेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात, हे त्यांना मानवत नसे. म्हणून शोधग्रामात दवाखाना बांधला तो त्यांच्या गावासारखा, झोपड्या-झोपड्यांचा. नातेवाइकांनी सोबत राहायचे. आणि नाव दिले ते त्यांच्या देवीचे, ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’.

(एक खुलासा. मण्यांची हकिगत वाचून कोणी घरी बाळाचे श्वास मोजून निर्धास्त राहू नये. इथे दोहात बाळाचा श्वास जलद वाटला, छाती आत ओढली जात असली, बाळ दूध घेईनासे झाले, तर मोजत बसू नका. सरळ डॉक्टरकडे न्या किंवा रुग्णवाहिकेसाठी ९९९ फिरवा.)

‘धंदा’ हा वाईट शब्द नव्हे

आपल्या मराठी मनाला समाजकार्य म्हटले की देणगी आठवते आणि धंदा म्हटले की संशय येतो. पण माणदेशी ही बँक आहे, धर्मादाय पेटी नव्हे. ती कर्जावर व्याज घेते, कर्ज वसूल करते आणि म्हणूनच उद्याही उघडी असेल, असा सभासदांना भरवसा असतो.

मुंबईच्या गिरणगावातले उदाहरण याहून जुने आहे. परळ-लालबागच्या चाळींत घरोघर खाणावळी चालत. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार तिथे जेवत आणि पगार झाला की पैसे देत. मधल्या काळात वाणी आणि सावकार यांच्या कर्जात त्या बायका बुडालेल्या असत. कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि या बायकांना एकमेकींच्या जामिनावर राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. बाई तीच, चूल तीच, जेवणारेही तेच. बदलला तो पैशाचा मार्ग. पण तेवढ्याने जी बाई ‘घरीच असते’ म्हणून जमेस धरली जात नव्हती, तिला बँकेने व्यावसायिक म्हणून ओळखले. आपल्या मन्सूरात आणि नजम्यात खोली वाटून राहणारे कितीतरी जण मेसच्या डब्यावर जगतात. तो डबा करणाऱ्यांचा हिशोब कसा चालतो, हे आपण कधी विचारले आहे का?

अर्थात ‘गरिबांसाठी धंदा’ म्हटला की तो आपोआप पुण्याचा होतो, असेही नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात लघुकर्जाच्या व्यवसायाचे काय झाले ते आठवावे. एकेका घरावर अनेक कंपन्यांची कर्जे चढली, वसुलीचा जाच वाढला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि त्या वर्षी ऑक्टोबरात राज्य सरकारला वटहुकूम काढून या व्यवसायाला आवर घालावा लागला. कागदावर कल्पना तीच, गरीब बाईला कर्ज. फरक पडला तो एवढाच, की कर्ज किती हवे, कधी हवे आणि ते फेडता येईल का, हे तिला कोणी विचारत नव्हते. वर्षाचे उद्दिष्ट गाठायचे होते.

माझी दुसरी चूक

आता पुन्हा आपल्या गल्लीत येऊ.

आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत रत्नागिरी जिल्ह्यातले सहा जण राहतात. कोणी चालक, कोणी वीजकाम करणारा, कोणी दुकानात. त्यांतल्या एकाला, आपण त्याला दादा म्हणू, एका रात्री छातीत कळ आली. रुग्णवाहिका वेळेवर आली, इलाज झाला, माणूस वाचला. पण त्या रात्री एक विचित्र गोष्ट घडली. घरी कळवायचे होते आणि त्याच्या बायकोचा नंबर खोलीतल्या एकालाही माहीत नव्हता. मोबाईल कुलूपबंद. दादा बेशुद्ध. शेवटी पहाटे कोणाच्या तरी गावच्या ओळखीतून सरपंचांना फोन गेला आणि सरपंच त्या माऊलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. सकाळी सकाळी सरपंच दारात पाहून तिने काय समजायचे ते समजून घेतले. खरी हकिगत कळेपर्यंतचा तो अर्धा तास ती अजून विसरलेली नाही.

माझ्यातला अभियंता जागा झाला. दोन महिन्यांचे शुक्रवार घालवून मी एक ॲप तयार केले. नाव, रक्तगट, औषधे, विमा, बँक, वारस, घरचे नंबर, सगळे त्यात भरायचे. बत्तीस रकाने! इमारतीत सगळ्यांना पाठवले. नऊ जणांनी उघडले. पूर्ण भरले ते तिघांनी, आणि त्यांतले दोघे माझ्याच कार्यालयातले.

आईचे वाक्य आठवले. मग एका शुक्रवारी दुपारी जेवणाच्या वेळी त्या खोलीत जाऊन बसलो. कोंबडी-वड्यांचा बेत होता. दादा पथ्यावर होता, त्याच्यापुढे पेज. मी फक्त विचारले, ‘‘का नाही भरलेत?’’ आणि गप्प बसलो. गप्प बसणे हे अभियंत्याला सर्वांत जड जाते.

एकजण म्हणाला, ‘‘साहेब, बँकेची माहिती त्या मोबाईलात घातली तर वाचणार कोण?’’ दुसरा म्हणाला, ‘‘इंग्रजीत होते.’’ तिसऱ्याने विचारले, ‘‘मोबाईल बंद पडला म्हणून तर सगळे झाले, आणि तुम्ही पुन्हा मोबाईलातच ठेवायला सांगता?’’ मी म्हटले, मग कागदावर लिहा. तेही नको. सहा जणांच्या खोलीत पेटीतला कागद किती दिवस खाजगी राहणार? मग शेवटी दादाच बोलला. ‘‘मला काही झाले तर हा कागद माझ्याकडे असून उपयोग काय? तो हिच्याकडे पाहिजे ना?’’

बत्तीस रकाने लिहिताना हा विचार मला एकदाही शिवला नव्हता. मी माहिती साठवत होतो दोहात, आणि ती लागणार होती खेडला.

त्या दुपारी त्या खोलीने जे ठरवले ते असे. माहितीचे दोन भाग करायचे. एक छोटे कार्ड, कतार आयडीच्या मागे ठेवायचे. त्यावर फक्त घरचे दोन नंबर, रक्तगट आणि चालू औषधे. बँक नाही, पगार नाही. कोणी पाहिले तरी हरकत नाही. दुसरा मोठा कागद, तो इथे ठेवायचाच नाही. फोनवर बोलत बोलत तो बायकोनेच तिकडे स्वतःच्या हाताने लिहायचा आणि पाकिटात घालून घरात ठेवायचा. जिला लिहिता येत नाही तिने मुलीकडून लिहून घ्यायचा. हे शेवटचे बायकोने लिहिण्याचे सुचवले ते दादाच्या बायकोनेच. तिचे म्हणणे, ‘‘मी लिहिले म्हणजे मला कळेल, कुठे काय आहे.’’

मराठीत छापलेला नमुना जवळच्या टायपिंगवाल्या दुकानदाराकडे ठेवला आहे. तो एका प्रतीचा एक रियाल घेतो. प्रत संपली की तोच पुन्हा काढतो. त्याला चार पैसे मिळतात, लोकांना कागद मिळतो आणि त्यात मी कुठेही नाही. मी उद्या दोहा सोडून गेलो तरी चालेल. आणि हो, वर्गणी काढून हे फुकट वाटावे, असे एका मित्राने सुचवले होते, पण कतारमध्ये परवान्याशिवाय मदतनिधी गोळा करणे कायद्याने चालत नाही, हे सर्वांनीच लक्षात ठेवावे.

पाकिटात काय असावे

आता सदराच्या नावाला जागून थोडे व्यवहाराचे. हे एकट्या कामगारांसाठीच नाही. कुटुंब घेऊन राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरीही हीच अनास्था असते.

१. बँक खाती : कोणत्या बँकेत, कोणत्या शाखेत. पासवर्ड किंवा पिन कधीही लिहू नये. २०११ पासून अनिवासी खात्यात भारतातल्या जवळच्या नातेवाइकाला ‘पहिला खातेदार किंवा त्याच्या पश्चात दुसरा’ या अटीवर सहखातेदार करता येते. बायको गावी असेल तर हे जरूर विचारून घ्या.

२. नामनिर्देशन : आहे की नाही, कोणाचे आहे. लग्नाआधी आईचे नाव दिलेले असते आणि पुढे ते तसेच राहते. १ नोव्हेंबर २०२५ पासून भारतातल्या बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे आपोआप वारस नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढेच त्याने ठरते. त्यासाठी साधे का होईना, मृत्युपत्र करावे.

३. विमा : ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का आहे, त्यांना परदेशी नोकरीसाठी निघतानाच ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ घ्यावी लागते. २०१७ च्या सुधारणेनुसार अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपयांचे संरक्षण, आणि हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५ रुपये. अनेकांनी एजंटाने दिलेल्या कागदात ही पॉलिसी आहे हेही पाहिलेले नसते आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणही होत नाही. दादाच्या बाबतीत हेच झाले होते. शिवाय भारतीय दूतावासाच्या छत्राखाली काम करणारा इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम इथल्या भारतीयांसाठी गट विमा योजना चालवत आला आहे. हप्ता आणि अटी त्यांच्याकडे समक्ष विचाराव्यात.

४. नोकरीचा तपशील : मालकाचे नाव, रुजू झाल्याची तारीख, मूळ पगार. कतारच्या २००४ च्या कामगार कायद्याप्रमाणे किमान एक वर्ष सेवा झाली असेल तर दर वर्षामागे निदान तीन आठवड्यांचा मूळ पगार सेवासमाप्तीच्या वेळी मिळायचा असतो. हे घरच्यांना ठाऊक नसेल तर मागणार कोण?

५. देणी-घेणी : कोणाचे किती द्यायचे आणि कोणाकडून किती यायचे. हा भाग लिहिताना नवरा-बायकोची थोडी कुरबुर होते, असा अनुभव आहे. होऊ द्यावी. नंतर होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

तीन प्रश्न

आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते, की आपण इथे चार पैसे मिळवले, शिकलो, तर गावासाठी, समाजासाठी काही करावे. कोणी शाळेला संगणक देतो, कोणी पाण्याचे यंत्र बसवतो. हेतू चांगलाच असतो. पण पुढच्या सुट्टीत जाऊन पाहावे तर संगणकावर रुमाल टाकलेला आणि यंत्र बंद. म्हणून असे काही करण्याआधी मी आता स्वतःला तीन प्रश्न विचारतो. म्हसवड, गडचिरोली, गिरणगाव आणि आमच्या इमारतीची तळमजल्यावरची खोली, सगळ्यांकडून शिकलेले आहेत.

ज्याच्यासाठी करतो आहे, त्याला विचारले का, आणि तो बोलत असताना मी गप्प होतो का? किल्ली शेवटी कोणाच्या हातात राहणार आहे, त्याच्या की माझ्या? आणि मी नसताना हे स्वतःच्या पायावर चालेल का, म्हणजे त्याचा खर्च कोठून निघेल?

तिन्हींचे उत्तर नीट देता आले नाही तर अजून सुरुवात करायची नाही, थोडे आणखी विचारायचे.

आईचे काय झाले?

गेल्या उन्हाळ्यात दहिवडीला गेलो तेव्हा हे सगळे वाचून-ऐकून गेलो होतो. मोठ्या उत्साहाने आईला म्हटले, ‘‘आता पिन नको, अंगठा!’’ टपाल खात्याच्या पेमेंट बँकेचा पोस्टमन घरी येतो आणि आधारशी जोडलेल्या खात्यातून अंगठ्यावर पैसे देतो, हे मी आधीच पाहून ठेवले होते. पोस्टमन आला. आईने यंत्रावर अंगठा ठेवला. लागेना. पुन्हा ठेवला. लागेना. आयुष्यभर भांडी घासून, शेण सारवून तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या आहेत.

मी पुन्हा न विचारता उत्तर घेऊन गेलो होतो!

पोस्टमन मात्र जुना माणूस. त्याने तिला विचारले, ‘‘काकू, दुसरं बोट लावून बघू का?’’ उजव्या हाताचे मधले बोट लागले. आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो येतो, पैसे देतो, चहा घेतो. किराण्याचे पैसे आई रोख देते. तिने स्वतःचा एक नियमही केला आहे, की छापील पावती हातात आल्याशिवाय आणि ती शेजारच्या मुलीकडून वाचून घेतल्याशिवाय पोस्टमनला चहा नाही. बोटाच्या ठशांवरही फसवणुकीचे प्रकार होतात, त्यामुळे हा नियम अगदी योग्य आहे. मी तो सुचवलेला नाही.

मंडळी, तुमच्या घरीही असा एखादा मोबाईल, एखादे ॲप, एखादी ‘सोय’ आईवडिलांच्या गळ्यात घातलेली असेल. या शुक्रवारी घरी फोन कराल तेव्हा ‘‘जेवलात का?’’ याच्यानंतर एवढे विचारून पाहा, ‘‘त्या मोबाईलचे खरे सांगा, जमते का?’’ आणि मग गप्प बसा.

कागदाचा नमुना हवा असल्यास मंडळाच्या पुढच्या मासिक बैठकीत मागून घ्यावा. त्यात काही राहून गेले असेल तर अवश्य सांगावे. तो अजून बदलतो आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.